लखनौची हवा आणि परागांची मोजणी: भारतातील ॲलर्जीच्या अभ्यासाचा एक इतिहास

१. प्रस्तावना

नाक वाहणे, शिंकांची रांग लागणे, डोळे चुरचुरणे, कानात दडे बसणे, घसा सतत खाकरावासा वाटणे. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे येणाऱ्या बहुसंख्य रुग्णांच्या तक्रारी या चार-पाच वाक्यांत मावतात. यांतील बऱ्याच तक्रारी दरवर्षी ठरावीक महिन्यांत येतात आणि ठरावीक महिन्यांत जातात. घरात त्याला ‘ऋतू बदलला की होते’ असे म्हणतात आणि विषय तिथेच संपतो.

परंतु ‘ऋतू बदलतो’ म्हणजे नेमके काय बदलते? हवेत असे काय येते, जे महिन्यापूर्वी नव्हते? या प्रश्नाचे उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात सहसा दोन ओळींत मिळते आणि ती दोन ओळींची माहिती बहुधा युरोप-अमेरिकेतील झाडागवतांविषयी असते. भारतातील शहरांच्या हवेत काय तरंगते हे शोधण्याचे काम इथल्याच संशोधकांना करावे लागले. त्या कामात लखनौ शहराचे स्थान मोठे आहे. विशेष म्हणजे तिथे हे काम सुरू करणारे लोक डॉक्टर नव्हते. ते जीवाश्म आणि वनस्पती यांचे अभ्यासक होते.

या पाठात आपण तीन गोष्टी पाहू: ॲलर्जीची कल्पना कशी घडली, लखनौमध्ये परागांची मोजणी का व कशी सुरू झाली, आणि एका शहराची परागसूची दुसऱ्या शहराला तशीच्या तशी का लागू पडत नाही.

२. पडसे, प्रतिश्याय आणि नजला

मराठीतील ‘पडसे’ हा शब्द संस्कृत ‘प्रतिश्याय’ या शब्दापासून प्राकृतमार्गे आला आहे. म्हणजे आपण रोजच्या बोलण्यात जो शब्द वापरतो, तो आयुर्वेदातील एका रोगाचेच नाव आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नाकाचे ३१ आणि कानाचे २८ रोग सांगितले आहेत आणि प्रतिश्यायासाठी स्वतंत्र अध्याय दिला आहे. त्याचे पाच प्रकार मानले आहेत. प्रतिश्यायाच्या कारणांमध्ये थंडी आणि अपचन यांच्या जोडीला धूळ व धूर यांचाही उल्लेख येतो. बाहेरून नाकात शिरणारी वस्तू रोगाला निमित्त होते, हे निरीक्षण जुने आहे.

लखनौमध्ये या परंपरेच्या शेजारी युनानी वैद्यकाची परंपरा नांदली. हकीम अब्दुल अझीझ यांनी १९०२ मध्ये तिथे तकमील-उत-तिब्ब हे युनानी वैद्यकाचे विद्यालय स्थापन केले. युनानी परंपरेत डोक्यातून उतरणारा स्राव नाकपुड्यांवाटे बाहेर आला तर त्याला ‘जुकाम’ म्हणतात आणि तो घशाकडे उतरला तर ‘नजला’. ‘नजला’ या शब्दाच्या मुळाशी ‘खाली उतरणे’ असा अर्थ आहे. उत्तर भारतात ‘नजला-जुकाम’ हा जोडशब्द आजही घरोघरी ऐकू येतो. नाकातील स्राव मागच्या बाजूने घशात उतरतो आणि त्यामुळे खोकला व खाकरणे चालू राहते, असे आजचे डॉक्टर सांगतात. हा स्राव मेंदूतून येत नाही, नाक आणि सायनस यांच्या अस्तरातून येतो, हे आता आपल्याला माहीत आहे. तरी एकच विकार दोन वाटांनी बाहेर पडतो ही नोंद अचूक होती.

याच युनानी परंपरेचा एक मोठा आचार्य म्हणजे अल-राझी. नवव्या-दहाव्या शतकातील या वैद्याने एक छोटा प्रबंध लिहिला. अबू झैद अल-बल्खी या विद्वानाला वसंत ऋतूत गुलाब फुलले की पडसे होते, ते का, हा त्याचा विषय. ऋतूशी आणि फुलांशी जोडलेल्या पडशाची ही फार जुनी लेखी नोंद आहे. तिच्यात एक मुद्दा दडलेला आहे, त्याकडे आपण सातव्या भागात परत येऊ: दोष गुलाबाला मिळाला, कारण गुलाब दिसत होता.

३. गवताचा ताप

आधुनिक वैद्यकात हा विषय १८१९ मध्ये आला. जॉन बॉस्टॉक या इंग्रज डॉक्टरने लंडनमधील वैद्यकीय मंडळापुढे एका रुग्णाची हकीकत वाचली. लहानपणापासून दर जूनमध्ये या रुग्णाचे डोळे लाल होत, शिंका येत, छाती भरून येई. तो रुग्ण स्वतः बॉस्टॉकच होता. १८२८ मध्ये त्याने अशा आणखी रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली आणि या विकाराला उन्हाळी पडसे म्हटले. लोकांनी मात्र त्याला वेगळे नाव दिले. गवत कापून वाळवण्याच्या दिवसांत हा त्रास होतो, म्हणून ‘हे फीव्हर’, म्हणजे गवताचा ताप. खरे तर या आजारात ताप नसतो, आणि वाळलेले गवतही त्याचे मूळ नसते. नाव चुकीचे असूनही ते टिकले.

वाळलेल्या गवताऐवजी फुलणाऱ्या गवताचा पराग दोषी आहे, हे मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याने दाखवले. त्यालाही हा त्रास होता. त्याने गवताचा पराग स्वतःच्या नाकात घातला, त्वचेवर ओरखडा काढून त्यावर लावला आणि परिणाम लिहून ठेवले. चिकट द्रव लावलेल्या काचपट्ट्या उघड्या हवेत ठेवून त्यांवर बसलेले परागकण सूक्ष्मदर्शकाखाली रोज मोजले. पतंगाला काचपट्ट्या बांधून उंचावरची हवाही तपासली. हवेतील परागांचा चढउतार आणि आजाराचा चढउतार एकमेकांना जुळतो, हे त्याने १८७३ मध्ये पुस्तकरूपाने मांडले.

४. त्याच वर्षी कलकत्त्यात

याच १८७३ मध्ये कलकत्त्यात डेव्हिड डग्लस कनिंगहॅम या लष्करी डॉक्टरचा हवेच्या सूक्ष्मदर्शक तपासणीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. भारतातील हवेतल्या सूक्ष्म कणांचा हा पहिला पद्धतशीर अभ्यास मानला जातो. कलकत्त्याच्या तुरुंगांच्या परिसरात त्याने हवेतील कण चिकट काचपट्टीवर गोळा केले, त्यांची चित्रे काढली. त्यांत बुरशीचे बीजाणू होते आणि परागकणही भरपूर होते.

दोन शहरे, एकच वर्ष, जवळजवळ एकच तंत्र. तरीही निष्कर्ष अगदी वेगळे. ब्लॅकलीला स्वतःच्या शिंकांचे कारण शोधायचे होते. कनिंगहॅमला सरकारने पटकी आणि ताप यांचे कारण शोधायला नेमले होते. कैदी पटकीने आणि तापाने आजारी पडत होते. सरकारच्या दृष्टीने प्रश्न तो होता. हवेतील कण आणि हे आजार यांचा संबंध दिसत नाही, असे त्याला आढळले, आणि ते बरोबरच होते. पण त्या काचपट्टीवरचे पराग कोणाच्या नाकाशी जोडून पाहावेत, हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवलेलाच नव्हता.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग लक्षात ठेवावा. पुरावा डोळ्यांसमोर असणे पुरेसे नसते. त्याला विचारलेला प्रश्नही योग्य असावा लागतो. वसाहतीच्या काळात सरकारी वैद्यकाचे लक्ष साथीच्या रोगांवर होते. शिंकांनी कोणी मरत नाही, त्यामुळे भारतीय नाकाचा प्रश्न पुढची कित्येक दशके मागे पडला.

५. ‘ॲलर्जी’ या शब्दामागची यंत्रणा

पराग निरुपद्रवी असतो. मग काही जणांनाच त्याचा त्रास का होतो? व्हिएन्नाचा बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के याने १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हा शब्द घडवला. बाहेरच्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यावर शरीराची प्रतिक्रिया बदलते, असा त्याचा मूळ अर्थ. मराठी परिभाषेत त्यासाठी ‘अधिहर्षता’ असा शब्द योजलेला आहे. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून याने गवताच्या परागाचा अर्क वाढत्या मात्रेने टोचून रुग्णाची सहनशक्ती वाढवण्याचा उपाय मांडला. आजची ॲलर्जीची लस ही त्याच उपायाची पुढची पायरी. या प्रतिक्रियेच्या मुळाशी असलेले प्रतिपिंड मात्र १९६६-६७ च्या सुमारास ओळखले गेले. अमेरिकेत इशिझाका दांपत्याने आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. आज त्याला आयजीई म्हणतात.

यंत्रणा थोडक्यात अशी. परागकण नाकाच्या ओल्या अस्तरावर बसतो आणि त्यातील प्रथिने काही मिनिटांतच विरघळतात. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या अस्तरातील मास्ट पेशींवर आयजीई प्रतिपिंडे आधीच बसलेली असतात. प्रथिन त्यांना चिकटताच पेशी हिस्टामीन व इतर द्रव्ये सोडतात. त्यामुळे खाज सुटते, शिंका येतात, पाण्यासारखा स्राव वाहतो, अस्तर सुजते आणि नाक चोंदते.

नाकात सुरू झालेली ही गोष्ट नाकापुरती राहत नाही. नाकाच्या मागच्या भागात युस्टेशियन नलिकेचे तोंड उघडते. ती मध्यकर्णातील हवेचा दाब सांभाळते. तिथे सूज आली की कानात दडे बसतात आणि लहान मुलांत कधी मध्यकर्णात पाणी साठून ऐकू कमी येते. सायनसची तोंडे अरुंद झाली की डोके जड होते. स्राव मागून उतरला की घसा धरतो. हाच युनानी हकिमांचा नजला. नाक बंद असलेले मूल तोंडाने श्वास घेते, झोप मोडते, वर्गात पेंगते. कान, नाक आणि घसा यांची एकच विद्याशाखा का आहे, हे यावरून समजावे.

कणांचा आकारही महत्त्वाचा आहे. दहा मायक्रोमीटरपेक्षा मोठे कण बहुतेक नाकातच अडतात. गवताचा पराग त्याहून दुप्पट-तिप्पट मोठा असतो, म्हणून त्याचा पहिला तडाखा नाकाला बसतो. बुरशीचे पुष्कळसे बीजाणू याहून लहान असतात, ते खाली फुप्फुसापर्यंत पोचू शकतात.

साधी सर्दी आणि ॲलर्जी यांत फरक कसा करायचा? विषाणूची सर्दी साधारण आठवडा-दहा दिवसांत उतरते, तिच्यासोबत अंगदुखी, कणकण किंवा ताप असू शकतो आणि घरात ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ॲलर्जीत नाक-डोळ्यांना खाज प्रमुख असते, ताप नसतो, स्राव पाण्यासारखा पातळ राहतो, त्रास आठवडेच्या आठवडे चालतो आणि दरवर्षी त्याच सुमारास येतो. हा फरक न केल्याने दोन चुका होतात. एक, गरज नसताना प्रतिजैविके घेतली जातात. दोन, चोंदलेले नाक मोकळे करणारे थेंब दुकानातून आणून आठवडेच्या आठवडे घातले जातात. हे थेंब थोडेच दिवस वापरायचे असतात. फार दिवस वापरल्यास त्यांचा असर ओसरताच नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदते आणि माणूस थेंबांच्या आहारी जातो.

६. लखनौच का?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. परागांची मोजणी करायची तर कोणता पराग कोणत्या वनस्पतीचा हे ओळखता आले पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली पराग म्हणजे छिद्रे, खाचा, काटे आणि जाळी असलेला एक कण. डॉक्टरला हे शिक्षण मिळत नाही. हे ज्ञान असलेली माणसे विसाव्या शतकाच्या मध्यावर लखनौमध्ये एकत्र आली होती, आणि त्यामागे कारण होते कोळशाचे व खडकांचे.

बिरबल साहनी १९२१ मध्ये लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. जीवाश्म वनस्पती हा त्यांचा विषय. परागाची बाहेरची भिंत इतकी टिकाऊ असते की ती कोट्यवधी वर्षे खडकात राहू शकते. कोळशाच्या थरातील पराग आणि बीजाणू ओळखले की त्या थराचे वय व दुसऱ्या थराशी असलेले नाते सांगता येते. म्हणून पुरावनस्पतिशास्त्रात परागांचा अभ्यास अपरिहार्य होता. साहनींच्या प्रयत्नांतून १९४६ मध्ये पुरावनस्पतिशास्त्राची संस्था आकाराला आली. तिच्या इमारतीची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि त्यानंतर आठवड्याभरातच साहनींचे निधन झाले. त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी संस्थेची जबाबदारी उचलली.

शहरातील दुसरी संस्था म्हणजे सिकंदर बाग परिसरातील राष्ट्रीय वनस्पती उद्यान. नवाब वाजिद अली शाह यांच्या काळातील ही बाग १८५७ च्या लढाईमुळे इतिहासात प्रसिद्ध आहे. १९५३ मध्ये हे उद्यान वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेकडे आले आणि १९७८ पासून ते राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था म्हणून ओळखले जाते. इथे जिवंत झाडे होती, त्यांच्या फुलांतून नमुने घेता येत होते. जुन्या खडकातील पराग ओळखायलाही आजच्या झाडांचे पराग माहीत असावे लागतात. पी. के. के. नायर यांनी या उद्यानात परागविज्ञानाचे काम रुजवले आणि भारतीय वनस्पतींच्या परागांची वर्णने प्रसिद्ध केली.

अशा रीतीने एका शहरात पराग ओळखणारे डोळे तयार झाले. ते खडकाकडून स्वतःच्या शहराच्या हवेकडे वळले, हे स्वाभाविकच होते. १९५८ मध्ये आर. एन. लखनपाल आणि नायर यांनी लखनौच्या हवेतील परागांची पाहणी प्रसिद्ध केली. पुढे विष्णु-मित्रे आणि खंडेलवाल यांनी १९६९-७० मधील लखनौच्या हवेतील पराग व बीजाणूंची नोंद १९७३ मध्ये मांडली. २००१ मध्ये खंडेलवाल यांनी रोटोरॉड या फिरत्या दांड्यांच्या यंत्राने केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. म्हणजे एकाच शहराच्या हवेची चाळीसहून अधिक वर्षांच्या अंतरातील चित्रे आपल्याकडे आहेत. अशी सलग परंपरा असलेली शहरे थोडी.

मोजणीची जुनी पद्धत सोपी होती. ग्लिसरीन जेली लावलेली काचपट्टी छपराखाली उघडी ठेवायची, चोवीस तासांनी उचलायची, रंग देऊन कण मोजायचे. यात जे कण आपोआप खाली पडतात तेच मिळतात. मोठे कण जास्त आणि लहान कण कमी सापडतात. म्हणून पुढे हवा ठरावीक वेगाने ओढून घेणारी यंत्रे आली. १९५२ मध्ये इंग्लंडच्या हर्स्ट याने बनवलेले यंत्र मिनिटाला १० लिटर हवा ओढते. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करताना पद्धत बदललेली आहे हे विसरू नये.

त्याच सुमारास जयपूरमध्ये कासलीवाल व सहकाऱ्यांनी (१९५९) आणि दिल्लीत शिवपुरी, विश्वनाथन व सहकाऱ्यांनी (१९६०) आपापल्या शहरांतील परागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिल्लीतील काम छातीच्या विकारांच्या संस्थेत झाले. तिथे परागांची यादी आणि रुग्णांची त्वचाचाचणी एकमेकांच्या शेजारी आली.

७. दिसणारे फूल आणि न दिसणारा पराग

हवेत सापडलेला प्रत्येक पराग रोगकारक नसतो. १९३१ मध्ये ऑगस्ट थॉमेन याने पाच कसोट्या दिल्या. परागात ॲलर्जी निर्माण करणारे द्रव्य असावे. वनस्पतीचे परागीभवन वाऱ्याने होत असावे. पराग भरपूर तयार होत असावा. तो हलका, दूर तरंगणारा असावा. आणि ती वनस्पती परिसरात मुबलक असावी.

या कसोट्या लखनौच्या वसंताला लावून पाहू. फेब्रुवारी-मार्चमध्ये शहराजवळच्या मलिहाबादच्या आमराया मोहरतात. सावर लाल होते, पळस पेटतो. याच दिवसांत शिंकाही सुरू होतात, म्हणून दोष मोहोराला किंवा फुलांना देणे सोपे जाते. परंतु आंब्याचे परागीभवन मुख्यतः कीटक करतात; सावर आणि पळस यांच्याकडे पक्षी येतात. अशा झाडांचा पराग जड व चिकट असतो, तो फारसा दूर उडत नाही.

त्याच वेळी आणखी एक झाड फुललेले असते, जे कोणाच्या लक्षात येत नाही. त्याला लखनौकडे चिलबिल म्हणतात, संस्कृतात चिरबिल्व आणि मराठीत वावळ. पाने गळून गेलेल्या फांद्यांवर त्याची बारीक, हिरवट-तपकिरी, पाकळ्या नसलेली फुले येतात. किडा बोलावायचा नसल्यामुळे त्याला रंग लागत नाही, मध लागत नाही. सगळी मदार वाऱ्यावर, म्हणून पराग प्रचंड. उत्तर भारतातील अनेक शहरांत वसंतातील परागांत वावळ अग्रभागी असते आणि त्वचाचाचणीत त्याला प्रतिसाद देणारे रुग्ण पुष्कळ आढळतात. थॉमेनच्या पाचही कसोट्यांना ते उतरते.

उत्तर भारताच्या मैदानात परागांचे दोन मुख्य हंगाम मानले जातात. पहिला फेब्रुवारी ते एप्रिल, झाडांचा. दुसरा पावसाळ्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, गवतांचा आणि माठ-चाकवत कुळातील तणांचा. एरंडाचा परागही हवेत सापडतो. म्हणून एखाद्या रुग्णाचा त्रास मार्चमधला आहे की सप्टेंबरमधला, एवढ्या एका प्रश्नानेही संशयितांची यादी निम्मी होते.

अल-बल्खीच्या गुलाबाची गोष्ट आता वेगळ्या प्रकाशात दिसेल. गुलाबाचा पराग कीटकच नेतात. वसंतात गुलाबाबरोबरच फुललेले एखादे न दिसणारे झाड किंवा गवत खरे कारण असण्याचा संभव अधिक. इंग्लंडमध्ये दोष वाळल्या गवताला, बल्खीच्या बाबतीत गुलाबाला, लखनौमध्ये मोहोराला. प्रत्येक वेळी डोळ्यांना दिसणारी वस्तू पकडली गेली आणि वाऱ्यावरची सुटली. परागमोजणीची गरज येथेच आहे.

८. महाराष्ट्रातून एक उदाहरण

एकदा यादी केली की काम संपले, असे नाही. १९५५ च्या सुमारास पुण्यात पांढऱ्या बारीक फुलांचे एक तण नजरेस आले आणि १९५६ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेले हे तण आज गाजरगवत किंवा काँग्रेस गवत म्हणून प्रत्येक मराठी माणसाला माहीत आहे. आयात गव्हातून ते आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १९७४ मध्ये लोंकर, मिचेल आणि कॅल्नन यांनी या तणाच्या संपर्काने भारतात होणाऱ्या त्वचेच्या ॲलर्जीविषयी लिहिले. हा त्रास शेतात राबणाऱ्यांना अधिक होतो. पुढे बंगळूरमधील अभ्यासांत त्याच्या परागामुळे नाकाची ॲलर्जीही होते, हे दिसून आले. कनिंगहॅमच्या काळात गाजरगवताचा प्रश्नच नव्हता. आज ते काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आहे, लखनौतही आहे. वनस्पती स्थलांतर करतात आणि त्यांच्याबरोबर आजाराचे वेळापत्रकही बदलते.

महाराष्ट्राचे दुसरे योगदान यंत्राचे. मराठवाडा विद्यापीठात, औरंगाबाद येथे, प्रा. एस. टी. टिळक यांनी हवेतील बुरशी-बीजाणू आणि पराग यांच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. १९७० मध्ये टिळक आणि कुलकर्णी यांनी हवेतील कण सलग गोळा करणाऱ्या नव्या यंत्राचे वर्णन प्रसिद्ध केले. ‘टिळक एअर सॅम्पलर’ या नावाने ते देशभरच्या प्रयोगशाळांत वापरले गेले. परदेशी यंत्र परवडत नसलेल्या महाविद्यालयांना त्यामुळे स्वतःच्या गावाची हवा तपासता आली. पिकांवरील बुरशीरोगांचा अंदाज आणि माणसांची ॲलर्जी, दोन्हींसाठी एकच नमुना उपयोगी पडतो, हे या कामातून ठळक झाले.

९. मोजणारे आणि तपासणारे

परागच सर्व दोषांचे धनी, असे मात्र समजू नये. १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील फोरहोर्स्ट व सहकाऱ्यांनी घरातील धुळीच्या ॲलर्जीमागे गाद्या-उशांतील सूक्ष्म धूळकिडा असल्याचे दाखवले. ज्याला बारा महिने, विशेषतः सकाळी अंथरुणातून उठताना शिंका येतात, त्याच्या बाबतीत आधी घराकडे पाहावे लागते. हिवाळ्यात लखनौवर साचणारा धूर आणि धुके हे नाक चुरचुरायला लावतात, ती ॲलर्जी असेलच असे नाही; मात्र आधीच सुजलेले नाक त्याने अधिक बिघडते.

म्हणून निदानासाठी तीन धागे एकत्र यावे लागतात: हवेत तो पराग पुरेशा प्रमाणात असणे, रुग्णाच्या त्वचाचाचणीत किंवा रक्ततपासणीत त्याला प्रतिसाद मिळणे, आणि त्रासाचा काळ परागाच्या काळाशी जुळणे. केवळ चाचणी होकारार्थी आली म्हणून रोग ठरत नाही. पुष्कळ निरोगी माणसांतही ती होकारार्थी येते. पहिला धागा वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हातात, दुसरा डॉक्टरच्या आणि तिसरा रुग्णाच्या वहीत. हे तिघे वेगवेगळ्या इमारतींत बसतात, ही या इतिहासातली खरी अडचण आहे. ज्या परागाचा अर्क चाचणीत वापरायचा तो इथल्या झाडाचा असावा लागतो. अमेरिकेत रॅगवीड मोठा अपराधी आहे म्हणून तोच इथे तपासत बसलो, तर वावळ सुटून जाईल.

शहरनियोजनाशीही याचा संबंध आहे. रस्त्याकडेला एकाच जातीची, वाऱ्यावर पराग सोडणारी शेकडो झाडे लावली तर काही वर्षांनी त्याचा हिशेब नागरिकांच्या नाकांना द्यावा लागतो. याचा अर्थ वावळ तोडावी असा नाही. ते आपले देशी, औषधी, सावली देणारे झाड आहे. अर्थ इतकाच की नवी लागवड करताना जातींची सरमिसळ असावी आणि परागाची नोंद नियोजकाच्या टेबलावर असावी.

१०. समारोप

लखनौचा हा इतिहास एका अनपेक्षित वाटेने गेला. कोळशाच्या थरांचे वय शोधण्यासाठी तयार झालेले कौशल्य शेजारच्या माणसाच्या शिंकांच्या कामी आले. कलकत्त्याच्या काचपट्टीवर १८७३ मध्ये जे दिसले होते, त्याला नाव आणि महिना देण्याचे काम स्वतंत्र भारतात झाले. वैद्यकातील काही ज्ञान जगभर सारखे असते: हिस्टामीन मँचेस्टरमध्ये आणि मलिहाबादमध्ये एकाच प्रकारे काम करते. काही ज्ञान मात्र त्या त्या गावातच मिळवावे लागते, आणि ते दर काही वर्षांनी पुन्हा मिळवावे लागते.

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे काम आपल्या महाविद्यालयाच्या गच्चीवरही सुरू करता येईल. त्यासाठी एक काचपट्टी, थोडी ग्लिसरीन जेली, सूक्ष्मदर्शक आणि वर्षभर न चुकता लिहिलेली वही लागते.

विचारासाठी प्रश्न

१. ब्लॅकली आणि कनिंगहॅम यांचे तंत्र जवळजवळ सारखे असूनही निष्कर्ष वेगळे का निघाले?
२. थॉमेनच्या पाच कसोट्या गुलमोहर, हरळी आणि गाजरगवत यांना लावून पाहा. कोणती वनस्पती कोणत्या कसोटीवर अडते?
३. तुमच्या गावात फेब्रुवारी ते एप्रिल या काळात फुलणाऱ्या, पण फुले सहज न दिसणाऱ्या झाडांची यादी करा.
४. ‘नजला’ आणि ‘पडसे’ या शब्दांमागील जुन्या कल्पनांपैकी कोणत्या आजच्या वैद्यकात टिकल्या आणि कोणत्या गळाल्या?